चाखलेला दुधी

भाव विचारायला लोक वहिनींसमोर जरा बिचकतच उभे राहायचे. दुधी हातात घेऊन नखानं टोचून बघणारं कुणी आलं, की त्या सरळ त्याची पिशवी ओढून घ्यायच्या. "टोचलात ना? मग आता न्या घरी. तुमचं नख लागलेला दुधी मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारत नाही." गिऱ्हाईक निमूट पैसे काढायचं, मनातल्या मनात चार शब्द बोलायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याच भाजीच्या गाडीसमोर हजर व्हायचं. असा दुधी दुसरीकडे मिळत नव्हता, हे त्याला ठाऊक होतं आणि वहिनींना तर त्याहून जास्त. तोंडानं फटकळ आणि मापाला सढळ, अशी ही बाई. बोलणी खाऊन वर मूठभर कोथिंबीर फुकट न्यायची सवय अख्ख्या वस्तीला लागली होती.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून या वहिनी. लाकडाच्या वखारीमागे दादांची जमीन होती. जमीन म्हणजे काय, अर्धा एकरही भरणार नाही असा तुकडा. एका अंगाला वखारीची भिंत, दुसऱ्या अंगाला नाला. नातेवाईक हसायचे, "एवढ्याशा जागेत काय पिकवणार, नखं?" दादाही त्यांच्याबरोबर हसायचे. वहिनी हसायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "तुमच्या मोठ्या शेतातलं यंदा तुमच्या घरी किती आलं आणि दलालाच्या घरी किती गेलं, ते सांगा की जरा." मग पाहुण्यांना एकदम चहाची आठवण व्हायची.

तरी प्रश्न खराच होता. एवढ्याशा तुकड्यावर घर चालायचं कसं? त्यात जादू काही नव्हती. दादांनी एकच एक पीक कधी घेतलं नाही. घेतलं असतं, तर भाव पडलेल्या एका सकाळीत उताणे झाले असते. एका वाफ्यातली मेथी उपटली, की संध्याकाळच्या आत तिथं दुसरं काहीतरी पडलेलं असायचं. खत घरच्या खड्ड्यातलं, बी घरचं, विकणारे हात घरचे आणि गिऱ्हाइकं ओळखीची. मधे हात मारायला कुणी नव्हतंच. पण खरी गोम निराळी होती, आणि ती दादांनी नव्या नवरीला पहिल्याच हंगामात समजावली होती. "दुधीत आपल्याला सुटत काही नाही," ते म्हणाले होते. "पैसा देते ती पालेभाजी. पण पालेभाजी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, तिच्यासाठी आपल्या गाडीवर कोण येतंय? माणसाला गाडीपर्यंत ओढून आणतो तो दुधी."

कारण दादांचा दुधी चाखलेला असायचा.

दुधी कधीकधी कडू निघतो, आणि तो कडूपणा नुसता तोंड वाकडं करून सोडून द्यायचा नसतो. ते विष असतं. भलताच कडू दुधी पोटात गेला, तर माणूस रक्त ओकतो. नाल्याच्या काठानं रानवेल माजलेले होते, त्यांची फळं कडूजहर. मधमाश्या तिकडे जायच्या आणि तशाच इकडे यायच्या. त्याचा परिणाम पुढच्या वर्षीच्या बियांत उतरायचा. दुकानातलं बी आणणाऱ्याला ही काळजी कमी. घरचं बी राखणाऱ्याला मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. म्हणून प्रत्येक वेलाचं पहिलं फळ हाती आलं, की दादा देठाजवळची पातळ चकती कापायचे, जिभेवर ठेवायचे, डोळे मिटून थोडं थांबायचे आणि थुंकायचे. थू. गोड असला तर पुढचा वेल. कडू असला तर तो वेल तिथल्या तिथं मुळासकट बाहेर, दुसऱ्यांना नासवायच्या आत. वर्षानुवर्षं हेच चाललं. "ह्यांच्या थुंकण्यावर आमचं घर उभं आहे," असं वहिनी गाडीवर खुशाल सांगायच्या आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग दादा गेले. आजार नाही, अंथरूण नाही. वाफे मोकळे होते त्या दिवसांत खताच्या खड्ड्याशी बसले होते, ते तिथंच कलंडले. वहिनी चहा घेऊन गेल्या आणि "अहो, निवतोय," असं दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही.

लेक म्हणाली, "आई, माझ्याकडे चल." तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, नोकरी होती, सुट्टीच्या दिवशी ती गाडीवर मदतीला यायची. वहिनी म्हणाल्या, "आणि मांडव कोण बघणार, तुझा नवरा? त्याला पालक आणि चुका वेगळा ओळखता येत नाही." झालं, विषय संपला. कोठीतल्या डब्यात दादांनी मागच्या हंगामात धरून ठेवलेलं बी होतं. हंगाम आला तेव्हा वहिनींनी तेच लावलं. दुसरं लावायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

वेल मांडवावर चढले, आणि तो आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा वहिनी मेथी खुडत होत्या. मांडवाखालून आवाज आला, थू. त्यांनी मान वर केली. मांडवाखाली कुणी नव्हतं, पानं हलत होती एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्या वाट बघतच बसल्या आणि आवाज आल्यावर त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. वहिनी म्हणजे काही भित्रं प्रकरण नव्हे. मुंगूस मेलेलं असो की नाल्यातला साप असो, फावड्यावर घेऊन भिंतीपलीकडे. पण या आवाजानं त्यांच्या हातातली जुडी गळून पडली.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, वखारीतलं कुणीतरी तंबाखू खात असेल."

"तंबाखू खाणारा थुंकतो ते मला कळतं," वहिनी म्हणाल्या. "हे चाखणाऱ्याचं थुंकणं आहे. आधी थोडं थांबणं असतं त्यात."

लेक आईकडे बघत राहिली. त्या बघण्याचाही वहिनींना राग आला.

हळूहळू भीतीची जागा भांडणानं घेतली, कारण वहिनींना दुसरं काही येत नव्हतं. आवाज आला की त्या मांडवाकडे तोंड करून म्हणायच्या, "झालं का चाखून? मग सांगा तरी काय लागलं ते. नुसतं थुंकून जाताय." एका सकाळी तर त्यांनी सवयीनं दोन कप भरले. दुसरा कप निवून त्यावर साय धरली, तरी त्यांनी तो ओतून दिला नाही.

आता आणखी एकाबद्दल सांगायला हवं. गाडी लागायची त्या चौकात एक शिंपी होता, शिंपीकाका. मागच्या वर्षी पोटाच्या दुखण्यानं तो मरता मरता वाचला होता. रक्ताच्या उलट्या, दवाखाना, सगळं झालं, आणि उठला तो निम्मा होऊनच. हा माणूस दर आठवड्याला गाडीवर यायचा, दुधीच्या टोपलीसमोर उभा राहायचा, एकेका दुधीकडे बघायचा आणि मेथीची जुडी घेऊन निघून जायचा. बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. "काका, दुधी नजरेनं शिजत नाही, घ्यायचा असेल तर घ्या," असं वहिनी एकदा म्हणाल्या. काका कसंनुसं हसले. त्यांचं ते उभं राहणं वहिनींच्या मनातून रात्रंदिवस जाईना.

टोपली भरायच्या आधी, फळं धरली तेव्हाच प्रश्न उभा राहिला होता. आता चाखायचं कुणी? वहिनींनीच सुरी घेतली. पहिला वेल गोड, दुसरा गोड. तिसऱ्याची चकती जिभेवर ठेवली आणि कानशिलापर्यंत झिणझिण्या गेल्या. थुंकल्या, चूळ भरली, परत चूळ भरली. वेल उपटून बांधावर टाकला. हंगामात असा एखादा वेल निघायचाच, त्यात नवल नव्हतं. पण पुढे आणखी एक निघाला. मग आणखी एक. दादांच्या हयातीत कधी निघाले नव्हते एवढे कडू वेल एका आठवड्यात निघाले.  नाल्याकडे बघून वहिनी पुटपुटल्या, "असं काय केलं मी?"

त्यानंतर त्यांची जीभच बिथरली. चहा कडू लागायचा, पाणी कडू लागायचं, भातसुद्धा कडू लागायचा. चाखलेला प्रत्येक वेल कडू लागायला लागला आणि त्या उपटत सुटल्या. सुट्टीच्या दिवशी लेक आली तेव्हा बांधावर वेलांचा ढीग पडलेला. तिनं त्यातलं एक फळ उचललं, चकती कापली आणि चाखली.

"आई, हा गोड आहे."

"तुला काय कळतंय?"

"मीही त्याच घरात वाढले ना? गोड आहे. हा पण गोड आहे. आई, तू चांगले वेल उपटतेयस."

वहिनींनी तिच्या हातातली चकती घेतली, जिभेवर ठेवली आणि थुंकल्या. कडू. लेकीच्या तोंडात तीच चकती गोड होती. 

मांडवावर उरलेल्या चारदोन वेलांचा दुधी वहिनी गाडीवर मांडेनात, आणि दुधी नाही म्हटल्यावर गाडीची रया गेली. दादांनी सांगितलेलं अक्षरशः खरं झालं. दुधीची टोपली रिकामी दिसली, की माणसं लांबूनच वळायची. वळली की मेथी पण दुसरीकडून घ्यायची. संध्याकाळी माना टाकलेल्या जुड्या वहिनी खड्ड्यात टाकायच्या. घरच्या खताला घरचीच भाजी, असा हा धंदा किती दिवस चालणार? लेक म्हणाली, "रोपवाटिकेतली रोपं आणू. हे बी सोड."

"मग माझ्या गाडीत आणि पलीकडच्या गाडीत फरक काय राहिला?"

"फरक एवढाच, की तुझी गाडी चालू राहील."

मुलगी खोटं बोलत नव्हती, म्हणूनच वहिनींना ते झोंबलं. पण त्याच आठवड्यात शिंपीकाका आले. नेहमीच्या जागी उभे राहिले, रिकाम्या टोपलीकडे बघितलं आणि विचारलं, "दुधी नाही?"

"नाही. वेल काढले."

काकांनी मोठा श्वास सोडला. वहिनींनी तो बघितला. पोटच्या लेकराला गाडीखालून ओढून काढल्यावर माणूस सोडतो तसा तो श्वास होता. काका मेथी घ्यायचंही विसरून गेले. वहिनींनी शेजारच्या फळवाल्याला गाडीवर लक्ष ठेवायला सांगितलं, पदर खोचला आणि त्यांच्या मागोमाग थेट दुकानात शिरल्या.

दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि टांगलेले अर्धवट कपडे. काका मशीनवर बसले होते, गळ्यात टेप.

"काका, मागच्या वर्षी तुम्हाला काय झालं होतं?"

"पोटाचं दुखणं, वहिनी. माहीत आहे तुम्हाला."

"कशानं?"

"जाऊ द्या ना आता."

"जाऊ द्यायला मी गाडी सोडून आले नाही."

काकांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला.  मग म्हणाले, "दुधी कडू होता. पहिल्याच घासाला कळलं. जीभ सांगत होती, टाक. पण मी म्हटलं, दादांनी चाखून दिलेला दुधी कडू कसा असेल? माझंच तोंड बिघडलं असेल. ताटलीभर संपवला, वहिनी. पाणीसुद्धा प्यायलो त्याचं."

वहिनींनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. "आमच्या गाडीवरचा?"

"दादांच्या हातचा. मी त्यांना काही बोललो नव्हतो. तेच आले दवाखान्यात. माझ्या पायाशी बसून ढसाढसा रडले. म्हणाले, शिंपी, थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून मला चवच लागत नाही. मी नुसती चकती तोंडात घालतो आणि थुंकतो. गाडी माझ्या जिभेवर चालते, ती जीभच गेली असं सांगू कुणाला?"

वहिनींना एकदम मीठ आठवलं. अख्ख्या संसारात ज्या माणसानं मीठ कमी, मीठ जास्त म्हणून जीव नकोसा केला, तो त्या वर्षी मुकाट्यानं जेवायला लागला होता. एकदा तर चहात साखरच घातली नव्हती, तरी सगळा कप संपवला होता. त्यांना वाटलं होतं, म्हातारपणी सुधारला बाबा. शेजारणीला कौतुकानं सांगितलंही होतं. शेजारी झोपणारा माणूस रोज सकाळी उठून चाखायचं नाटक करत होता, आणि बायकोला पत्ता नव्हता. वहिनींना रडू आलं ते दुःखानं की लाजेनं, त्यांनाच कळलं नाही.

"माझ्याकडून वचन मागितलं, की कुणाला सांगू नका," काका म्हणाले. "मी दिलं. मग म्हणाले, यंदा कडू वेल मांडवावर तसेच राहिले, सगळं एकमेकांत मिसळलं, हे बी मी जाळणार. पुढे मी विचारलं तर म्हणाले, चव परत आली की बघू. एवढ्या वर्षांचं बी स्वतःच्या हातानं आगीत कसं टाकू? पण मला काही झालं, तर तेवढं तिला सांगा, की लावू नको."

"मग सांगितलं का नाहीत?" वहिनींचा आवाज चढला. "तोंड शिवलं होतं का तुमचं?"

काकांनी मशीनचा खण उघडला. आतून बियांची एक कागदाची पुडी काढून कापडावर ठेवली. वहिनींनी ती ओळखली. त्यांनीच बांधलेली पुडी.

"सांगायलाच आलो होतो. दादा गेले त्या आठवड्यात. घर माणसांनी भरलेलं होतं. मी बोलायच्या आत तुम्ही ही पुडी माझ्या हातात ठेवलीत. म्हणालात, ह्यांची आठवण आहे, दारात लावा. तुमचे डोळे बघितले आणि माझी जीभ उचललीच नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. दर आठवड्याला यायचो, वहिनी. दर आठवड्याला मेथी घेऊन परत जायचो."

वहिनींना त्या माणसाचा इतका संताप आला, की समोरची कात्री उचलून आरशावर फेकावीशी वाटली. पण पुड्या बांधणारे हात आपले होते. भेटायला आलेल्या कुणालाच त्यांनी रिकाम्या हातानं जाऊ दिलं नव्हतं. बाहेर जाताना एकच वाक्य, ह्यांची आठवण आहे, दारात लावा. दादांनी बी जाळलं नाही, काकांनी सांगितलं नाही, आणि आपण ते मूठमूठ वाटून मोकळ्या झालो. आता ते वेल दारोदारी मांडवावर चढले असतील आणि त्यांना चाखणारं कुणी नसेल. माणसं दादांच्या नावावर डोळे मिटून खातील.

"कपडे शिवत बसा," त्या उठत म्हणाल्या. हे रागानं होतं की आणखी कशानं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेले वेल काढले, गोड आणि कडू न बघता. डब्यातलं बी पत्र्याच्या घमेल्यात ओतलं आणि पेटवलं. बी जळताना तडतडत होतं. मांडवाखालून आवाज आला, थू. वहिनी वळल्या. "आता कशाला थुंकताय?" त्या ओरडल्या. "तेव्हा सांगितलं असतंत तर जीभ माझी होती ना? मी चाखलं असतं. रोज चाखलं असतं. बायकोला सांगायला लाज वाटली तुम्हाला?" मग त्या तिथंच वाफ्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडल्या. दादा गेले त्या दिवशीसुद्धा त्या एवढ्या रडल्या नव्हत्या.

मग दारं. ज्यांचे चेहरे आठवत होते त्यांच्याकडे त्या एकेक करून गेल्या आणि प्रत्येक दारात तेच बोलावं लागलं. "ह्यांना शेवटच्या वर्षी चव लागत नव्हती. मी दिलेलं बी लावलं असेल तर वेल उपटा." शाळेतल्या शिपाईबाईचा वेल पाण्याविना कधीच वाळला होता; ती उलट ओशाळून माफी मागू लागली, तर वहिनींनी तिला चक्क मिठी मारली. किराणावाल्यानं पुडी लावलीच नव्हती, गल्ल्यात जपून ठेवली होती. ती परत द्यायला तो तयार होईना.

"वहिनी, माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल असं बोलू नये," तो म्हणाला. "दादांची जीभ? काहीतरीच. आणि हे बाहेर कळलं तर तुमच्या गाडीवर कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही."

"नाही फिरकलं तर नाही. पुडी द्या."

"नाही देत. माझ्याकडे राहू दे आठवण."

वहिनींनी गल्ल्यात हात घालून ती काढून घेतली.  बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या माणसाचं म्हणणं खोटं नाही. ज्या नावावर हा तुकडा एवढी वर्षं तगला, ते नाव आपण आपल्या हातानं दारोदार पुसत चाललोय. उद्या कुणी विचारेल, मागच्या वर्षीचं आमचं पोट त्यामुळेच बिघडलं होतं का? काय सांगायचं? तरी पाय थांबले नाहीत.

कोपऱ्यावरच्या घरात म्हातारे सासरे आणि सून असे दोघंच दिवसा असायचे. सुनेनं वेल गच्चीच्या जिन्यावरून चढवला होता. हिरवागार, फुलांनी भरलेला, आणि दोनतीन दुधी लोंबत होते. 

"किती छान आलाय बघा, वहिनी," सून म्हणाली. "दादांचीच पुण्याई. कालच पहिला काढला."

"खाल्लास?"

"मी कुठली खाते, मला दुधी बघवत नाही. बाबांसाठी. डॉक्टरांनी म्हटलंय ना हलकं द्या. रस काढून दिला काल."

वहिनींनी जिन्यावर चढून एक दुधी तोडला, कनवटीची सुरी काढली आणि देठाजवळची चकती जिभेवर ठेवली. कडू. पण या जिभेला भातही कडू लागत होता. त्यांनी दुसरी चकती कापून सुनेपुढे धरली.

"चाख."

"मी कशाला चाखू? दादांचं बी आहे."

"माझ्या जिभेचा भरवसा राहिला नाही, आणि दादांना शेवटच्या वर्षी जीभच नव्हती," वहिनी म्हणाल्या. "तुला पाया पडते. जरा चाख आणि थुंकून टाक."

सून हसली, वहिनींचं मन राखायचं म्हणून तिनं चकती तोंडात घातली. हसू तिथंच विरलं. ती थुंकली, पुन्हा थुंकली, ओठ पदरानं खसाखसा पुसले आणि आत पळाली. वहिनी तिच्या मागे धावल्या. आतल्या खोलीत म्हातारे कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशाशी स्टुलावर रसानं काठोकाठ भरलेला पेला होता.

"बाबा, प्यायलात?" सून त्यांना हलवत होती. "आज प्यायलात का? काल किती प्यायलात?"

म्हाताऱ्यांनी कूस बदलली. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाजात राग होता. "काल दोन घोट घेतले आणि ओकलो. कडू आहे म्हणून सांगितलं तर तू म्हणालीस, नखरे करू नका, दादांच्या बियांचा आहे."

सून कॉटच्या कडेला बसली आणि म्हाताऱ्यांचा हात धरून रडायला लागली. म्हातारे तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "अगं, नाही प्यायलो आज. पेला तसाच आहे बघ." वहिनींनी पेला उचलला, मोरीत ओतला आणि पेला दोनदा घासून धुतला. मग जिन्यावर गेल्या आणि तो हिरवागार वेल मुळासकट ओढून खाली टाकला. फुलांवरच्या माश्या थोडा वेळ तिथंच घोंघावत राहिल्या.

सून दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल होते.

"वहिनी, बी अजून कुणाकुणाला दिलंत?"

"आठवतात तेवढ्यांकडे जाऊन आले."

"आणि आठवत नाहीत ते?"

 दादा गेले त्या आठवड्यात वहिनींच्या घरात माणसांची रीघ लागली होती. त्यात एक सायकलवाला होता, दादांच्या जुन्या ओळखीचा, कुठून तरी लांबून आलेला. त्यानं आपली पुडी खिशात घातली आणि बहिणीसाठी आणखी एक मागून घेतली. बहिणीची मुलं लहान आहेत, त्यांना दुधी फार आवडतो, असं तो म्हणाला होता. वहिनींनी मोठ्या कौतुकानं त्याला दोन मुठी बी जास्त बांधून दिलं होतं. तो कुठं राहतो, त्याचं नाव काय, हे विचारायचं राहून गेलं होतं, आणि आता त्याचा चेहरासुद्धा त्यांना धड आठवेना.